गेणूनं डिंक काढला

एका गावात गेणू नावाचा एक भोळा माणूस होता. वय चाळिशीचं, अंग पैलवानाचं. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्याची, म्हणजे शिवाप्पा दाजींची, घरातच पिठाची गिरणी होती. गेणू तिथंच राबायचा.

गिरणी चालली की थरथरते. थरथरली की बोल्ट ढिले होतात. म्हणून दाजी बोल्टच्या आट्यांना निळा डिंक लावून ते पक्के बसवायचे. तो वाळला की बोल्ट जागचा हलत नसे.

केरबाअण्णांच्या लेकीचं लग्न उद्यावर आलं आणि गिरणी बंद पडली. वऱ्हाडाच्या पुऱ्यांचे गहू तसेच पोत्यात. अण्णा काळजीनं गिरणीतच येऊन बसले. लग्नासाठी मिशीला लावायचा कलपही तसाच खिशात राहिला.

दाजींनी गिरणी खोलली. बोल्ट काढून गेणूपुढे ठेवले.

"गेणू, आट्यांत जुना डिंक वाळून बसलाय. त्याच्यावर नवा धरत नाही. चुलीवर तापव. मऊ पडला की तारेच्या ब्रशनं घासून काढ."

"बरं, दाजी."

गेणूनं बोल्ट तापवले. लाल झाल्यावर त्यातला एक नुसत्या हातानं उचलला. बोटं भाजली. बोल्ट उडाला, तो अक्काच्या आमटीत पडला.

दाजी म्हणाले, "अरे, तापलेलं हातानं धरतात का? चिमट्यानं धरायचं."

"बरं, दाजी."

तेवढ्यात अक्कानं अण्णांसाठी कढत चहा दिला. गेणूनं पेला चिमट्यात धरला. पेला निसटला. चहा अण्णांच्या मांडीवर गेला. अण्णा उभ्याउभ्या नाचले.

दाजी म्हणाले, "तू चहापाणी बघू नकोस. बोल्टवर निळं दिसलं की काढायचं, एवढंच तुझं काम."

"बरं, दाजी."

गेणूनं खरंच छान काम केलं. सगळे आटे लखलखीत झाले. दाजी खूश झाले. त्यांनी नवा डिंक लावला, बोल्ट फळीवर मांडले आणि पाना आणायला आत गेले. परत आले तर बोल्ट पुन्हा लखलखीत.

"डिंक कुठं गेला?"

"निळं दिसलं, काढलं."

दाजींनी कपाळावर हात मारला. "अरे, वाळलेलं काढायचं. ओलं असेल तर हात लावायचा नाही. वाळलेलं असेल तरच तापवायचं, घासायचं. ध्यानात राहील?"

"राहील, दाजी."

दाजींनी पुन्हा डिंक लावला. बोल्ट गिरणीत आवळले. डिंक धरेपर्यंत चार घास खायला बसले. इकडं मांजरानं घागर पाडली. पाण्याचा ओघळ गव्हाच्या पोत्याकडं निघाला. गेणू हाताची घडी घालून बघत राहिला.

अण्णा ओरडले, "अरे, पोतं उचल."

"ओलं झालंय, अण्णा. हात लावायचा नाही."

शेवटी अण्णांनीच पोतं ओढलं. बुडाचे गहू भिजलेच. ते पसरून अण्णा दमले आणि मिशीला कलप लावून भिंतीला टेकून बसले.

"गेणू, माझा जरा डोळा लागतोय. मिशीचा कलप अजून ओला आहे. वाळला की काढायचाय. लक्ष ठेव."

"ठेवतो, अण्णा."

अण्णा घोरायला लागले. गेणू त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. पापणी न हलवता त्यानं मिशीवर लक्ष ठेवलं. मिशी हळूहळू वाळली. मग गेणू उठला. चुलीतला निखारा चिमट्यात धरून घेतला, तारेचा ब्रश काखेत मारला, आणि कामाला लागला.

अण्णांची बोंब वेशीपर्यंत गेली. दाजी उष्ट्या हातानं धावत आले. घरभर केस जळल्याचा वास. अण्णा उताणे आणि त्यांच्या छातीवर गेणू. वधूपित्याच्या तोंडावर मिशी निम्मीच उरलेली.

"गेणू, काय केलंस हे?" दाजी ओरडले.

गेणूनं घाम पुसला.

"डावी बाजू निघाली, दाजी. उजवी फार जाम आहे. जरा अण्णांचे पाय धरता का?"