शिलामाची भाकरी

तळं बघायला यायचं, पाय बुडवून फोटो काढायचे, आणि मग सावलीत पडलेल्या म्हाताऱ्याला उठवून म्हणायचं, बाबा, गोष्ट सांगा. सांगून सांगून घसा गेला माझा. बसा. मधे बोलू नका.

हे तळं चारी बाजूंनी मिठागरांत आहे. वाफ्यात मीठ, बांधाच्या मातीत मीठ, वाऱ्यातसुद्धा मीठ. मधोमध एवढं एकच पाणी गोड. ते असं का, तर पूर्वी इथं बामी नावाची आगरीण राहत होती, असं सांगतात.

त्या काळी गावात पिण्याचं पाणी नव्हतं. होडीत मडकी घालून खाडीपलीकडून आणावं लागे. बामीचा नवरा लहू एका सकाळी पाण्याला गेला तो आलाच नाही. होडी नाही, मडकं नाही. बामी रोज त्याच्या वाट्याची तांदळाची भाकरी थापायची, फडक्यात झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी नवी झाली की शिळी खाडीत सोडायची. तिची सासू पोशी. तिनं बजावून ठेवलं होतं, "ती भाकरी दुसऱ्यानं खाल्ली, का माजा पोर मेला समज." बामीनंही ती दुसऱ्या कुणाला न देण्याचा शब्द देवापुढं दिला होता. अशी दोन वर्षं गेली.

त्याच सुमारास, म्हणे, पार समुद्रापलीकडं रोमच्या बादशहानं येशूचा धर्म धरला. इराणच्या राजाशी त्याचं वैर. मग इराणात जे येशूला मानत ते आपल्याच मुलखात शत्रूचे ठरले. मारले गेले ते गेले. उरल्यांतला एक व्यापाऱ्यांच्या गलबतात बसून सोपाऱ्याच्या बंदराला लागला आणि चालत चालत इथवर आला. ओठ फाटलेले, अंगात लोकरीचा झगा. बामीच्या दारात उभा राहून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "शलामा."

आता आमच्या घरच्या बोलीत ळ नाही. शिळ्याला आम्ही शिलं म्हणतो. बामीनं ऐकलं, 'शिलं, मा.' म्हणजे, शिळं दे, आई.

"आये, ह्यो शिलं मांगतंय," ती सासूला म्हणाली.

"परक्याला ताजी दे. तव्यावर हाय."

बामीनं गरम भाकरी पुढं केली. पाहुण्याला वाटलं, बाईनं आपला रामराम ऐकलाच नाही. घेण्याआधी मान लववून तो पुन्हा म्हणाला, "शलामा."

"ताजी नको म्हनतंय. शिलंच पायजे."

"येडा हाय का काय?" पोशी म्हणाली. "आन शिली घरात येकच हाय. तिला हात लावू नको."

बामी फडक्याजवळ जाऊन थांबली. दोन वर्षं आपण खाडीला जेवू घालतोय, तिला वाटलं, आणि हा माणूस दारात उभा आहे. लहूही असाच कुणाच्या तरी दारात उभा राहिला असेल तर? तिनं फडकं उचललं.

पाहुण्यानं ती भाकरी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटून काही पुटपुटला आणि मोडली. त्यांच्यात एकट्यानं खात नाहीत, असं सांगतात. अर्धी त्यानं बामीला दिली. उरलेल्या अर्धीतला तुकडा पोशीपुढं धरला. बामीनं आपली अर्धी खाल्ली. मग पोशीनंही तुकडा पाण्यात बुडवून बोळक्या तोंडात घातला.

दुपारी मिठावर ऊन असं थरथरतं की बांधसुद्धा पाण्यासारखे हलतात. त्या थरथरीतून बामीला लहू येताना दिसला. खांद्यावर मडकं. मिठावर पाऊल पडत होतं, पण करकर वाजत नव्हतं. बामी जागची हलली नाही; हललं तर हे सगळं विरेल, असं तिला वाटलं. मधल्या वाफ्याशी येऊन त्यानं मडकं कलतं केलं. ओतत राहिला, ओततच राहिला. मग तिच्याकडं बघून म्हणाला, "उशीर झाला गो." आणि रिकामं मडकं घेऊन खाडीकडं उतरला.

पोशीला पोरगा दिसला नाही, नुसतं पाणी दिसलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि सुनेला म्हणाली, "गोड हाय. आता रड."

पाहुणा इथंच राहिला, इथंच मेला. त्याचा देव किती जणांनी धरला यावर सांगणारे भांडतात. आपण त्यात पडू नये. पुढं कोणी पाद्री येऊन सांगून गेला म्हणे, की शलामा म्हणजे शांती असो. असेल. आम्ही शिलं ऐकलं, आणि पाणी आम्हाला मिळालं.

आजही मीठ काढायच्या पहिल्या दिवशी गावात चूल पेटत नाही. आदल्या दिवशीची भाकरी घ्यायची. ज्याचं चुकलं असेल त्यानं समोरच्याच्या दारात जायचं, भाकरी मोडून अर्धी पुढं करायची आणि म्हणायचं, शिलामा. दोघांनी खाल्ली की भांडण सरलं. मोठमोठ्या मिशांचे जातात, लाजत नाहीत. माझा बांध फोडून खारं पाणी माझ्या भातात सोडणारा तेवढा चार वर्षांत आलेला नाही. ते पलीकडं निळ्या पत्र्याचं घर दिसतं ना, तिथं राहतो. हसुराम जोमा भोईर.