पहिली मूठ

"पण महाराज, मी मठाबाहेर पाऊल टाकलं तर झालेले सदतीस दिवस पाण्यात जातात की नाही?"

निर्गुणबुवा दोरीला पीळ घालत बसले होते.

त्र्यंबकचं चाळीस दिवसांचं अनुष्ठान चालू होतं. दिवसातून एकदा मूठभर वरी, आणि मठाची पायरी ओलांडायची नाही. गावात बोलबाला झाला होता. तो कमी पडू नये याची काळजी त्र्यंबक स्वतःच घेत असे.

फाटकाबाहेर इमाम पिंजारी उभा होता. 'आत ये' असं त्याला कधी कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून बाहेरच. त्याचा थोरला भाऊ हसन पहाटे गेला होता. हसन आणि त्र्यंबक एकाच डोहात पोहायला शिकलेले.

"भाईनं सांगून ठेवलंय," इमाम म्हणाला. "पहिली मूठ त्र्यंबकची. त्याच्याआधी कुणी माती टाकायची नाही."

"इथूनच हात जोडले तर चालेल का रे, इमाम?"

"भाईला विचारून सांगतो, दादा."

मग वळता वळता म्हणाला, "दुपारच्या नमाजानंतर उचलणार. या... नायतर ऱ्हाऊ द्या."

तो गेला.

"महाराज, काय ते एकदा सांगा."

बुवांनी हनुवटीनं अंगणाचा कोपरा दाखवला. तिथे मठाचा कुत्रा, काळ्या, मातीच्या एवढ्याशा ढिगाला नाक लावून पडला होता. ढिगाखाली कोंबडी पुरली होती. देवीच्या नवसाची, सुरी चुकवून मठात शिरली आणि पुढे वर्षभर काळ्याच्या पाठीवर झोपली. 'पाहा, आमच्या मठाचा प्रभाव,' म्हणून त्र्यंबक येणाऱ्याजाणाऱ्याला ती जोडी दाखवायचा.

काळ्यापुढची भाकरी वाळून वाकडी झाली होती.

"किती दिवस खाल्लं नाही त्यानं?"

"...मोजले नाहीत, महाराज."

"त्यानंही नाही मोजले."

त्र्यंबक बसला. उठला. जपमाळ खुंटीला अडकवली, पुन्हा काढली. फाटकापर्यंत गेला, परत आला...

ओढ्यापलीकडच्या कबरस्तानातून माणसं परतताना दिसली, तेव्हा कुठे तो धावत सुटला. अनवाणी.

परत आला तेव्हा ऊन कललं होतं. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"थांबले होते म्हणे. पुष्कळ थांबले..." तो अंगणातच खाली बसला. "मग इमामनं टाकली. मी पोचलो तर वर पाणीसुद्धा शिंपडून झालं होतं. ही तिथलीच माती. टाकायला हात होईना... आता हिचं काय करू, महाराज?"

काळ्यानं मान उचलली, त्या मुठीकडे पाहिलं, आणि नाक पुन्हा ढिगाला टेकवलं.

बुवांनी दोरीला शेवटची गाठ मारली.

"धर तशीच. तीनच दिवस राहिलेत ना?"