धोंड्यांबाहेरची पालखी

आण म्हणजे नुसती शपथ नव्हे. शपथ माणूस स्वतःपुरती घेतो. आण गाव घालते, आणि खोतापासून गुराख्यापर्यंत सर्वांना ती बांधते. कोंडसुऱ्याच्या देवराईभोवतीचे हे धोंडे त्या आणेचे आहेत. उत्सवात देवीची पालखी ते ओलांडून समोरच्या बोडक्या उतारावर का टेकते, हे ती आण जाणल्यावाचून कळत नाही.

असे सांगतात की राईतल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसे. ढोलीचे तोंड ती लिंपून घेई, आत पिसे झाडी, आणि पिल्लू मोठे होईतो चोचीएवढ्या फटीतून नर भरवील तेवढेच खाई. देवीची गुरवीण येसू निपुत्रिक होती. त्या जोडीवर तिचा जीव. खोताची नजर राईतल्या लाकडावर गेली, तेव्हा तिने गावापुढे पदर पसरला. गावाने आण घातली: धोंड्यांच्या आत कुऱ्हाड चालायची नाही. धोंडे कुठवर रोवायचे, असे विचारताच येसूनेच म्हणे सांगितले, देवीची पालखी फिरते तिथवर. तिला याहून पवित्र हद्द ठाऊक नव्हती.

पण नर ज्या उंबर-नांद्रुकांवर चरे, ती झाडे उतारावर होती. तिथे पालखी कधी गेलीच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात खोताने नाचणीसाठी तो उतार तोडून भाजला.

नर लांबून येऊ लागला, मग रिकाम्या चोचीने, मग येईनासा झाला. येसू खोताच्या अंगणात गेली.

“धोंड्यांच्या आत कुऱ्हाड आली का, गुरवीणबाई?”

“नाही.”

“मग आण मोडली कोणी? उद्या म्हणाल, पाखरू उडतं तेवढं आभाळ देवीचं.”

अंगणातली माणसे हसली.

“देवीचं नको,” येसू म्हणाली, “पाखराचंच असू द्या.”

शेजारच्या गावाहून उंबरे आणून, काठीला बांधून तिने ती फटीशी धरली. आतून चोच आली नाही.

त्या वर्षी तिने पालखी वाट सोडून उतारावर नेववली. आजही ती तिथे टेकते, आणि भोई उंबराची डहाळी ठेवतात. डहाळी शेजारच्या गावाहूनच आणावी लागते.

पाहुण्यांना सांगितले जाते, की कोणा पाप्याने आण मोडली आणि देवीच्या कोपाने उतार ओसाड झाला. हे खरे नाही. आण कोणीही मोडली नव्हती. साऱ्या गावाने ती पाळली, अगदी धोंड्यापर्यंत.