शेवटच्या सायकलचे लाल फडके

डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात नागनाथ नावाचा एक सायकलवाला राहत असे. पंक्चर काढावे, वाकड्या चाकाचा आऊट काढावा, ब्रेकचे रबर बदलावे, हे त्याचे रोजचे काम. लोक त्याला नाथाभाऊ म्हणत.

दर वर्षी दिवाळी सरली आणि भाताची कापणी आटोपली, की नाथाभाऊ आसपासच्या हौशी मंडळींना गोळा करी. सगळे सायकलीवरून डोंगर चढत, माथ्यामाथ्याने पुढे जात, आणि पलीकडचा घाट उतरून समुद्र गाठत. वाटेत दऱ्या लागत, धबधब्यांची शेवटची धार लागे, पिवळ्या सोनकीने भरलेली पठारे लागत. एकदा आलेला माणूस वर्षभर त्याच गोष्टी सांगत फिरे.

नाथाभाऊने हे सारे हौसेने सुरू केले होते. पुढे त्याची रीत झाली. रीत झाली की हौस हळूहळू मागे पडते आणि काम तेवढे उरते. मुक्कामाला कुठल्या शाळेचा व्हरांडा मिळेल, स्वयंपाक कोण करील, पाणी कुठे आहे, हे सगळे तो आधी एकटा जाऊन पाहून येई. निघाल्यावर मग एकेकाचे सुरू होई.

"भाऊ, सीट टोचतंय."

"भाऊ, आज पण वांगंच?"

"भाऊ, अजून किती चढ आहे? खरं सांगा हं, काल तुम्ही खोटं सांगितलंत."

तो हसून सगळ्यांचे ऐके. तुम्ही जेवलात का, असे मात्र त्याला कोणी विचारत नसे. आणि मी दमलोय, असे त्यानेही कधी कोणाला सांगितले नाही.

या मंडळींचे दोन नियम होते. वाटेत फाटा आला, की तिथे सगळ्यात आधी पोहोचणाऱ्याने उतरायचे आणि मागून येणाऱ्यांना रस्ता दाखवत उभे राहायचे. याला ते फाटा धरणे म्हणत. दुसरा नियम लाल फडक्याचा. सगळ्यात मागच्या सायकलच्या हँडलला लाल फडके बांधलेले असे. ते दिसले, की फाटा धरणाऱ्याने समजायचे, आता मागे कोणी उरले नाही. मग त्याने फाटा सोडून निघायचे. विचारायचे नाही, मोजायचे नाही. या दोन नियमांमुळे आजवर एकही माणूस डोंगरात चुकला नव्हता.

फडके नेहमी नाथाभाऊच्याच सायकलला असे. एकदा प्रल्हाद नावाचा दूधवाला त्याला म्हणाला, "भाऊ, आज मी राहतो की मागं. तुम्ही जरा मोकळे चला."

"तुला जमायचं नाही," नाथाभाऊ म्हणाला. "घोड्याला बैलामागं चालायला सांगू नये."

सगळे हसले आणि फडके जिथल्या तिथे राहिले. खरे तर नाथाभाऊला ते सोडवत नव्हते. 'भाऊ मागं आहेत, मग काळजी नाही,' असे लोक म्हणत. ते ऐकायला त्याला बरे वाटे.

एका वर्षी सखाहरी शिंपी या मंडळींत आला. माणूस वयस्कर, अंगाने रुंद, सारा जन्म शिलाईच्या मशीनवर बसून गेलेला. तुम्हाला हे झेपेल का, असे लोकांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मशीन पायानंच चालवतो. सायकल पण पायानंच चालते. फरक तो काय?"

फरक काय, ते त्याला पहिल्याच चढाला कळले. पण तो मागे फिरला नाही. दहा पावले सायकल चालवावी, वीस पावले ढकलावी, झरा दिसला की थांबावे, पाणी प्यावे, तोंडावर मारावे आणि दरीकडे पाहत उभे राहावे.

"नाथाभाऊ, हा हिरवा बघा. असला रंग कापडात येत नाही हो."

"चला काका."

"चलतो की. डोंगर काय पळून चाललाय?"

आणि त्याच्यामागे नाथाभाऊ. चढावर हळू सायकल चालवण्यात वेगापेक्षा जास्त दम जातो, हे ज्याने चालवली आहे त्यालाच ठाऊक. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे, दिवसभर सखाहरीच्या मागे रखडायचे, मुक्कामाला शेवटी पोहोचायचे आणि तिथे बिघडलेल्या सायकली वाट पाहत असायच्या. नाथाभाऊचे गुडघे भरून आले. मानही भरून आली. मन तर त्याच्याही आधी थकले होते.

अशा थकव्यातच त्यांचा चढ संपला. माथ्यावर वारा होता. पुढे समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या डोंगरांच्या रांगा निळ्या दिसत होत्या. इथून उतार सुरू होत होता. बाकीची मंडळी केव्हाच पुढे गेली होती. रस्त्याच्या कडेला खाली एक झरा होता. सखाहरीने सायकल करवंदीच्या जाळीला टेकवली.

"भाऊ, दोन घोट पिऊन येतो. तुम्ही टेका जरा."

नाथाभाऊने मान हलवली. थोडा वेळ तो उभा राहिला. खालून बोलणे ऐकू येऊ लागले. झऱ्यावर एक गुराखी भेटला होता आणि सखाहरी त्याला सदऱ्याच्या कॉलरबद्दल काही समजावत होता. मग दोघांचे हसणे ऐकू आले.

ते हसणे नाथाभाऊला सहन झाले नाही. 'रस्ता एकच तर आहे,' त्याने मनाशी म्हटले. 'पुढं एखाद्या दगडावर बसतो. येईल की.' त्याने पाय उचलला. सायकल आपसूक धावू लागली. कितीतरी दिवसांनी त्याच्या पायांना काही करावे लागत नव्हते. बसायला दगड आले आणि गेले. तो थांबला नाही.

उतारावर एक फाटा होता. डावीकडचा रस्ता मुक्कामाच्या गावाला जात होता. उजवीकडचा एका बंद पडलेल्या दगडखाणीकडून फिरून त्याच गावाच्या खालच्या अंगाला निघत होता. अंगणवाडीत शिकवणारी उज्ज्वला तिथे फाटा धरून उभी होती. तिला दुरूनच लाल फडके दिसले. तिने हात हलवला, सायकलवर बसली आणि डावीकडे निघाली.

नाथाभाऊने तिला हाक मारण्यासाठी तोंड उघडले. पण हाक मारली तर तिला थांबावे लागणार आणि आपल्यालाही. खाली गावात चुलीचा धूर दिसत होता. 'डावीकडचा रस्ता चांगला रुंद आहे,' तो मनाशी म्हणाला. 'कोणीही डावीकडंच वळेल.' आणि तोही वळला.

शाळेच्या अंगणात चहा झाला होता. नाथाभाऊ पेला हातात घेऊन भिंतीला टेकला. स्वयंपाक करणारी मंजुळामावशी गावातलीच होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "समदी आली न्हवं? फाट्यावरनं उजवीकडं कुणी गेलं तर न्हाई? त्या अंगाची रस्त्याखालची मोरी यंदा पावसानं नेलीया. वळणावरच भगदाड हाय. सायकलवाल्याला दिसायचं बी न्हाई."

नाथाभाऊच्या हातातला चहा तसाच राहिला.

"शिंपीकाका कुठं आहेत?" कोणीतरी विचारले.

"बसले असतील झऱ्यावर," प्रल्हाद म्हणाला. "नदी संपवल्याशिवाय काका उठत नाहीत."

एक-दोघे हसले. उज्ज्वला हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"मी तर फाटा सोडला," ती म्हणाली. "फडकं आलं म्हणून सोडला. का मला भासच झाला? उन्हात कुणाचा लाल सदरा बघितला की काय मी? काका भाऊंच्या पुढं असणार, मोकळा फाटा बघून उजवीकडं गेले असतील."

"ताई, नीट बघायचं ना मग," एकजण म्हणाला. "माणसाच्या जिवाची गोष्ट आहे."

"चुकलंच माझं," उज्ज्वला म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

सगळे तिच्याकडे पाहत होते. नाथाभाऊकडे कोणीच पाहत नव्हते. त्याच्यावर संशय घेण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. तो गप्प राहिला असता तर त्याच्यापुरती गोष्ट तिथेच मिटली असती. आणि थकलेल्या माणसाला गप्प राहण्याइतके सोपे काहीच नसते.

त्याने पेला खाली ठेवला.

"ताईनं बरोबर बघितलं," तो म्हणाला. "फडकं आलं होतं. पण फडकं खोटं बोललं. काका माझ्या मागं होते. मी त्यांना टाकून पुढं आलो."

भाकरी थापणारा मंजुळामावशीचा हात थांबला.

"तुम्ही, भाऊ?" प्रल्हाद म्हणाला.

"मी. दमलो होतो."

पुढे बोलत बसायला वेळ नव्हता. उन्हे कलली होती. प्रल्हाद मावशीच्या नवऱ्याला घेऊन खालच्या अंगाने मोरीकडे धावला. नाथाभाऊने सायकल उचलली आणि नुकताच उतरलेला घाट पुन्हा चढायला घेतला.

त्याच्या पायांत काही उरले नव्हते. थोडे चालवून तो उतरला आणि सायकल ढकलू लागला. मग वळणावर ती तशीच कडेला टाकून चालू लागला. दर वळणाला त्याच्या डोळ्यांसमोर ते भगदाड येत होते. "काका!" तो हाका मारत होता. दरीतून त्याचाच आवाज परत येत होता.

शेवटच्या वळणावर त्याला वरून उत्तर आले. "ओ! कोण ते?"

फाट्याच्या मधोमध सखाहरी शिंपी उभा होता. सायकल शेजारी स्टँडला लावलेली. तोंड वरच्या रस्त्याकडे, माथ्याच्या बाजूला. आवाजासरशी तो वळला आणि चकित झाला.

"अहो नाथाभाऊ! तुम्ही खालून कसे?"

नाथाभाऊ रस्त्यातच खाली बसला.

"मी झऱ्यावरून वर आलो, तर तुम्ही नाही," सखाहरी सांगू लागला. "म्हटलं, भाऊ झाडीत कुठं गेले असतील. लई हाका मारल्या. मग इथं आलो, तर इथंही कुणी नाही. डावं का उजवं, मला काय ठाऊक? पण फाटा मोकळा सोडायचा नाही, एवढं माहीत होतं. म्हणून धरून उभा राहिलो. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? काका, मला हा रस्ता पाठ आहे."

"पाठ असेल. पण तुम्ही दमलेले होतात. दमलेल्या माणसाला ओळखीचा रस्तासुद्धा चुकतो."

"मी दमलोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? इतके दिवस माझ्या मागं तुमचा श्वास ऐकतोय मी."

नाथाभाऊने मान खाली घातली. मग हळूच विचारले, "मी पुढं निघून गेलो असेन, असं नाही आलं मनात?"

"छे!" सखाहरी म्हणाला. "फडकं पुढं कसं जाईल?"

हे ऐकून नाथाभाऊला घाटापेक्षाही जड काहीतरी छातीवर चढल्यासारखे झाले. त्याने सगळे सांगून टाकले. हसण्याचा आवाज सहन झाला नाही तेही सांगितले, आणि उज्ज्वलाला हाक मारली नाही तेही.

सखाहरीने उजवीकडच्या रस्त्याकडे पाहिले.

"म्हणजे मी उलट्या बाजूला तोंड करून उभा होतो," तो म्हणाला.

"हो."

"आला मात्र माणूस तोच." तो किंचित हसला आणि लगेच गंभीर झाला. "भाऊ, रागावलो नाही असं म्हणणार नाही. रागावलोय. पण शिंपी आहे मी. विरणारं कापड आवाज करत नाही. वरून चांगलं दिसतं आणि एक दिवस टर्रकन फाटतं. दमलात तर बोलायचं होतं. दुसरं कुणी येईपर्यंत मी काय झऱ्यावर एकटा थांबलो नसतो?"

सखाहरीने त्याला हात देऊन उठवले. सखाहरीची सायकल ढकलत दोघे डाव्या रस्त्याने पायी उतरू लागले; वळणावर नाथाभाऊने आपलीही उचलली. कोणी पुढे नव्हते, कोणी मागे नव्हते. अर्ध्या वाटेवर मंडळी भेटली; मोरीवरून परतलेला प्रल्हादही त्यांत होता. उज्ज्वलाने सखाहरीला पाहिले आणि ती रडू लागली. "रडू नका ताई," तो म्हणाला, "चहा उरलाय का तेवढं सांगा."

सकाळी निघताना नाथाभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "आज माझ्यात त्राण नाही. मागं कोण राहतं?" इतकी वर्षे न सुटलेले ते वाक्य तोंडातून बाहेर आले आणि काहीही कोसळले नाही. उज्ज्वलाने फडके घेतले. त्या दिवसापासून ते दर मुक्कामाला हात बदलू लागले. वाटेत कोणाचा दम संपला, तर त्याने तसे ओरडून सांगायचे आणि फडके दुसऱ्याने घ्यायचे, असा तिसरा नियम झाला.

त्याच दिवशी दुपारी मंडळी समुद्रावर पोहोचली. एरवी नाथाभाऊ येईपर्यंत सगळ्यांचा समुद्र पाहून झालेला असे. या वेळी तो सगळ्यांबरोबर आला. त्याने पाण्याकडे पाहिले. ओल्या वाळूच्या अलीकडे आडवा झाला आणि झोपी गेला.

त्याला कोणी उठवले नाही.

तात्पर्य: थकवा येणे हा दोष नाही. तो बोलून दाखवावा आणि काम दुसऱ्याच्या हाती द्यावे. पण काम सोडून त्याची खूण तेवढी आपल्याकडे ठेवू नये. कारण लोक त्या खुणेच्या भरवशावर चालत असतात.