टीव्हीत कडमडलेला माणूस

कॉलेजच्या कलाप्रदर्शनात दमयंती गुरवने चित्र टांगलंच नाही, एक जुना टीव्ही आणून ठेवला. पोरांकडून वर्षानुवर्षं त्याच फुलदाणीचं चित्र काढून घेणारे प्राचार्य डिग्रजकर भडकले. "हा खोका म्हणजे कला? उद्घाटनाला बघतो. पटलं नाही तर खोका बाहेर आणि तू नापास!"

उद्घाटनाला सगळी पोरं मागे ठेवून सर टीव्हीला नाक लावून उभे राहिले. पडद्यावर एक टकला माणूस, पाठमोरा. सर थांबले. तोही ढिम्म.

"हा कोण गं मध्येच कडमडलाय? याच्यामुळे पुढचं काही दिसत नाही. हाकल त्याला!"

सरांच्या मागे, दाराच्या चौकटीवर दमयंतीने कॅमेरा बसवला होता.

"त्याला हाकलायची माझी काय टाप, सर? तुम्हीच जरा बाजूला व्हा, तो आपोआप जाईल."

सर तावातावाने बाजूला झाले. टकल्याही तावातावाने बाजूला झाला. सरांचा हात टकलाकडे गेला आणि पोरं हसून लोळली.

दमयंती पास झाली. टीव्हीही जागेवरच राहिला. तो हलवायचा तर सरांना पुन्हा त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं.