चिचुंद्रीचं दार

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे निम्मी तरी असेलच.

फार पूर्वी प्राण्यांच्या शहरात कुणाकुणाला घर लागतंय, हे विचारत कासव दारोदार फिरत होतं. चिचुंद्री चार पिल्लं घेऊन उघड्या माळावर राहायची. वर घार घिरट्या घालत होती. चिचुंद्रीचा जीव टांगणीला लागला होता.

"कासवकाका, मलाही विचारा की."

"कसं विचारू बाई? कडी वाजवूनच विचारायचं ठरलंय. तुला दारच नाही."

चिचुंद्रीनं उकिरड्यावरून एक मोडकं दार ओढत आणलं, माळावर उभं केलं आणि पिल्लांसकट त्याच्यामागे बसली. कासवानं कडी वाजवली.

"घर पाहिजे, काका."

"दार तर आहे की तुला. रंग तेवढा उडालाय." कासवानं तिला हिरव्या रंगाचा डबा मंजूर केला, दाराला रंगाचा एक हात मारला आणि डबा ठेवून पुढं गेलं.

तेवढ्यात घार उतरली. तीही त्याच शहरातली, म्हणून तिनं आधी कडी वाजवली. "येऊ का आत?"

"रंग ओला आहे, ताई. वाळला की या," चिचुंद्री दाराआडून म्हणाली.

घार समोरच बसली. तेव्हापासून चिचुंद्री दाराला हातावर हात मारतेय, आणि आता डब्याचा तळ दिसायला लागलाय.

पुढं काय झालं म्हणतोस? आधी खिशातल्या शेंगा काढ.