जुन्या तेलाचा निरोप

यंत्रं आपापसांत मनातलं बोलत, त्या काळातली ही गोष्ट. कुंदाताईंच्या जीपमध्ये एक इंजिन होतं आणि त्याच्या पोटात तेल. घाटाचे किती चढ दोघांनी मिळून चढले होते! आता तेल काळं पडलं होतं.

“मला जाऊ दे,” तेल म्हणालं. “तुझी सगळी काजळी मी गिळली. आणखी ठेवलंस, तर माझा चिखल होईल आणि तुझ्याच नसा बुजतील.”

इंजिनाला दुसरं कुणी नकोच होतं. तेलाची सूचना देणाऱ्या समोरच्या लाल दिव्यालाही त्यानं ‘पेटू नकोस’ म्हणून बजावलं होतं. “बिघडलंच काही, तर वॉरंटीचा कागद आहे की!”

खणातला कागद खाकरला. “आहे रे बाबा. पण वेळेवर तेल बदलणाऱ्यांसाठी. हट्टानं झालेलं नुकसान माझ्यात बसत नाही.”

पुढच्याच चढावर इंजिनाला धाप लागली. तेल वरपर्यंत पोचेना. शेवटी तेलानंच दिव्याला विनवलं, “पेट रे, इंजिनासाठी पेट.”

दिवा पेटला. कुंदाताईंनी जीप तिथंच थांबवली आणि मेकॅनिकला बोलावलं. जुनं तेल कोमट धारेनं डब्यात उतरलं.

“हे टाकू नका, घरी लागेल मला,” कुंदाताई म्हणाल्या.

मधासारखं नवं तेल आलं, तरी इंजिन घरापर्यंत कुढतच गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप फेरी मारून घरी परतली. रोज करकरणारं फाटक आज अलगद उघडलं. बिजागरीवर काळी ओल चमकत होती.

“आलंस?” ओळखीचा आवाज आला.